नुरा नेमकी कधी मोडली?

२२ डिसेंबर १९५४. टोकियोतल्या कुरामाए कोकुगिकान या सुमोच्या सभागृहात रिंग उभी होती. एका कोपऱ्यात रिकिदोझान. सुमो सोडून व्यावसायिक कुस्तीत आलेला हा मल्ल तेव्हा इतका लोकप्रिय होता, की त्याची लढत असली की चौकातल्या टीव्हीसमोर गर्दी उसळायची. समोर मासाहिको किमुरा. ज्युदोत त्याला तोड नव्हती. १९५१ मध्ये ब्राझीलच्या माराकाना स्टेडियमवर त्याने ज्या पेचाने एलिओ ग्रेसीला नमवलं, तो पेच आजही ‘किमुरा’ म्हणूनच ओळखला जातो.

१९५४ च्याच फेब्रुवारीत दोघे जोडीदार म्हणून शार्प बंधू या व्यावसायिक मल्लांच्या जोडीशी लढले होते. त्यात मार खाण्याचं काम किमुराच्या वाट्याला आणि टाळ्या रिकिदोझानच्या. पुढे किमुराने वर्तमानपत्राला सांगितलं, खरी लढत झाली तर मीच जिंकेन. मग ही लढत ठरली: ६१ मिनिटं, तीन डाव. प्रत्यक्षात १५ मिनिटं ४९ सेकंदांतच सगळं संपलं. किमुरा रक्तबंबाळ होऊन पडला होता.

या लढतीची कापाकापी झालेली जुनी फिल्म मी माझ्या कोल्हापूरच्या मित्राला दाखवली. पोरवयात तालमीतली माती अंगाला लावलेला हा गडी असल्या कुस्त्यांना कुस्तीच मानत नाही.

दोन मिनिटांत त्याने निकाल दिला, “नुरा हाय ही.” नुरा, म्हणजे आधी ठरवून खेळलेली कुस्ती.

“कशावरून?”

“उचलला जाणारा बघ. स्वतःच अंग देतोय. आणि फटका बसायच्या आधीच दुसरा झेलायला तयार. दोघांचं ठरलंय सगळं. बंद कर.”

मी बंद केलं नाही. किमुराचा पाय रिकिदोझानच्या ओटीपोटाखाली गेला. रिकिदोझान पिसाळला. हातांचे तडाखे सुरू झाले, किमुरा ढासळला, खाली गेल्यावर तोंडावर लाथही बसली.

“थांब. मागं घे.”

त्याने तो तुकडा पुन्हा पाहिला, मग पुन्हा. मारणाऱ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. “याचे हात बघ,” तो किमुराकडे बोट दाखवत म्हणाला. “खाली हायत. मान उघडी. खऱ्या लढतीत उतरलेला गडी असा उभा राहील? याला अजून नुराच चाललीय असं वाटतंय. त्याची मात्र संपली.”

आता त्याला किमुराची बाजू ऐकायची होती. आत्मचरित्रात किमुराने लिहिलंय, की पहिली लढत बरोबरीत सोडवायची आणि पुढच्या लढतीत कोण जिंकणार ते जानकेनने, म्हणजे मुलं खेळतात त्या दगड-कागद-कात्रीने, ठरवायचं असा करार होता. त्याने फेकायचं, रिकिदोझानने हाताचे फटके मारायचे. दोघांनी सरावही केला होता. रिकिदोझानने हात उगारला तेव्हा छातीवर फटका घ्यायला आपण बाहू पसरले, पण घाव पूर्ण ताकदीने मानेवर आला, असं तो सांगतो.

“आणि त्याचं म्हणणं काय?”

रिकिदोझानचं म्हणणं, किमुराने अवघड जागी लाथ मारली म्हणून डोकं फिरलं. शिवाय बरोबरी किमुरालाच हवी होती, असं सांगत त्याने किमुराने आधी लेखी दिलेली हमी सामन्यानंतर वर्तमानपत्रांसमोर आणली.

“कागद दोघांनी दिला होता?”

नाही. किमुराने दिला, रिकिदोझानचा कागद किमुराच्या हाती आलाच नव्हता.

मित्र थोडा वेळ गप्प बसला. “लाथ चुकून लागली असंल, मुद्दाम मारली असंल. राग येऊ शकतो. पण सुरुवातीपासनं एकाचा शब्द बांधलेला आणि दुसऱ्याचा मोकळा, हे काय रागाच्या भरात होत नाही.”

१९६३ च्या डिसेंबरमध्ये एका नाइटक्लबात झालेल्या चाकूहल्ल्यानंतर आठवडाभरात रिकिदोझान गेला. किमुरा १९९३ पर्यंत जगला. ती सल त्याच्या मनातून गेली नाही. कोण वरचढ, हा वाद जपानमध्ये अजून मिटलेला नाही. माझ्या मित्राच्या मते या फिल्मवरून तो मिटणारही नाही. एकजण लढत होता आणि दुसरा ठरल्याप्रमाणे मार घेत होता. त्यावरून ताकद कशी मोजणार?

त्याला सापडलं ते निराळंच. चीतपट कुस्तीत समोरचा तुला पाडायलाच आलाय हे ठाऊक असतं; तू सावध असतोस. ठरवून केलेल्या कुस्तीत मात्र मल्ल आपली मान स्वतःहून दुसऱ्याच्या हाती देतो. तिथे शब्द मोडला, तर वाचवायला बळ कामी येत नाही. ज्या खेळाला तो लबाडी म्हणत होता, तो इतक्या भरवशावर उभा असतो हे त्याने कधी मनावर घेतलं नव्हतं.

“पण म्हणून ही कुस्ती खरी ठरत नाही हां,” त्याने बजावलं. मग स्वतःच म्हणाला, “ते शार्प बंधूंचं बघायला मिळंल का? चौघांनीबी शब्द पाळला तर हे कसं दिसतं, ते बघू.”