जालना प्रांतांतील जुन्या तरवारी : ओळख व कालनिर्णय

जालना जिल्ह्यांत जुनी तरवार पाहावयास मिळाली कीं तिच्याविषयीं बहुधा दोहोंपैकीं एक हकीकत ऐकूं येते. ती शिवकालीन आहे, किंवा असईच्या लढाईंतील आहे. दोन्ही हकीकतींस इतिहासाचा आधार आहे. नोव्हेंबर १६७९ मध्यें शिवछत्रपतींनीं जालन्याची पेठ लुटली, आणि ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं केळना व जुई या नद्यांच्या दुआबांत असई येथें दौलतराव शिंदे व रघूजी भोसले (दुसरे) यांच्या फौजांशीं वेलस्लीची लढाई झाली. परंतु प्रसंग खरा म्हणून तरवार त्या प्रसंगाची, असें होत नाहीं. तरवारीनें स्वतः काय साक्ष द्यावी व ती कितपत घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखीं कर्तव्य आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानीं धरावी. तरवारीचें वय एक नसतें, तीन असतात : पात्याचें, मुठीचें व लेखाचें. आपल्याकडे पात्याचा शेपटा मुठीच्या पोकळींत घालून लाखेनें किंवा राळेनें बसवीत. मूठ तापविली कीं लाख वितळे व पातें मोकळें होई. सबब चांगलें पातें बापाकडून मुलाकडे, लुटींतून सरदाराकडे जाई व प्रत्येक वेळीं नवी मूठ धारण करी. यास्तव तिन्हींचा विचार वेगवेगळा केला पाहिजे.

पात्याविषयीं. लांब, सरळ, एकधारी वा दुधारी, व लांबीनें दोन-तीन पन्हळी असलेलें पातें बहुधा युरोपांतील असतें. अशा पात्याच्या तरवारीस फिरंग म्हणत. अशीं पातीं पोर्तुगीज व पुढें इतर टोपीकरांच्या व्यापारानें येत. पात्यावर धांवता लांडगा असल्यास तो जर्मनींतील पासौ व सोलिंगेन येथील कारागिरांचा छाप होय. समोरासमोर दोन दांतेरी चंद्रकोरी हें मूळचें जिनोव्हाचें चिन्ह. मात्र हे छाप पुढें इतरत्र, आपल्या देशांतही, नकलून उठविले गेले; म्हणून छाप हा पुराव्याचा आरंभ समजावा, शेवट नव्हे. उलट, रुंद, वांकडें, टोंकाकडे अधिक पसरट व एकाच पन्हळीचें विलायती पातें दिसलें, तर तें इंग्रजी घोडदळाच्या इ.स. १७९६ च्या नमुन्याचें आहे काय हें पाहावें. असल्या पात्यांस देशी मुठी बसविलेल्या आढळतात. तसें ठरल्यास ‘शिवकालीन’ ही हकीकत तेथेंच संपते.

मुठीवरून काळ ठरविणें त्याहून कठीण. रुंद परज व माथ्यावर कांब असलेली मूठ, तशीच वाटोळ्या तबकडीची मूठ, हे दोन्ही घाट शंभर-दोनशें वर्षें फारसे न बदलतां चालू राहिले. मुठीवरून प्रांत व कारागिरी यांचा अंदाज होतो. सालाचा क्वचित् होतो.

लेखांत आंकडा असला तरी तो कोणत्या सनाचा हें प्रथम ठरवावें. असईच्या लढाईचेंच वर्ष घ्या. तें शके १७२५, हिजरी १२१८, फसली १२१३ व सुहूर सन अर्बा मयातैन व अलफ, म्हणजे १२०४. आतां पात्यावर नुसतें ‘१२१३’ असेल, तर फसली धरल्यास इ.स. १८०३-०४, हिजरी धरल्यास १७९८-९९, व सुहूर धरल्यास १८१२-१३ येतें. एकाच आंकड्यानें चौदा वर्षांचें अंतर पडतें, आणि तेवढ्यांत लढाईच्या आधींची तरवार लढाईनंतरची ठरते.

नांवाच्या लेखाचें उत्तम उदाहरण अलीकडचेंच आहे. एप्रिल २०२५ मध्यें लंडन येथील लिलांवांत महाराष्ट्र शासनानें भोसल्यांची एक तरवार घेतली. ती ऑगस्टांत मुंबईस आली. पातें सरळ, एकधारी व युरोपीय; मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या कामाची; पाठीवर देवनागरींत राघोजी भोसले यांचें नांव, ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब व ‘फिरंग’ हा शब्द. ती पहिल्या रघूजींची मानिली जाते. येथें वस्तूनेंच आपली जात सांगितली, हें अमोल होय. तथापि नांव व किताब हीं दोन्ही असईच्या रणांत असलेल्या दुसऱ्या रघूजींचींही होतीं. म्हणून अशा ठिकाणीं नुसत्या लेखावर न थांबतां अक्षरवटिका, सोन्याचें काम व तरवार कोणाकोणाच्या हातून आली याची परंपरा, या तिन्हींचा मेळ पाहावा लागतो.

तात्पर्य, कालनिर्णय पात्यापासून आरंभावा, मुठीनें पारखावा व लेखानें पक्का करावा. आणि शक्य तेथें घराण्याच्या दफ्तरांतील शिलेखान्याच्या व वांटणीच्या याद्यांशीं ताडावा. याद्यांत ‘फिरंग’, ‘धोप’, ‘पट्टा’ असे भेद केलेले असल्यास ते जसेच्या तसे उतरून घ्यावे.

संग्राहकांस विनंति इतकीच कीं, तरवार चिंच-राखेनें घांसूं नये. त्यानें जौहर, छाप व सोनें तिन्ही जातात. मूठ उपटूं नये, कारण जुनी लाख हाही पुरावाच आहे. लांबी, रुंदी, पन्हळींची संख्या व छापाचा ठसा टिपून ठेवावा, आणि घरची हकीकत सांगणाराच्या शब्दांत वेगळी लिहावी. हकीकत खोटी ठरली तरी तरवार खोटी ठरत नाहीं. तिचा खरा इतिहास तेथूनच सुरू होतो.