डोळ्यांसमोरची तटबंदी: ऑरा म्हणजे नेमकं काय होतं?

आज कोडिंग बाजूला ठेवू. आज माझ्याच मेंदूतल्या एका 'बग'बद्दल बोलायचंय.

दोन वर्षांपूर्वी मी नळदुर्गला घरूनच काम करत होते. मीटिंग चालू असताना स्क्रीनवरची दोन अक्षरं गायब झाली. मग त्या जागेभोवती करवतीच्या दातांसारखी चमचमती रेघ उमटली आणि मोठी होत डावीकडे सरकायला लागली. वाटलं, मॉनिटर गेला. डोळे मिटले, तरी रेघ तिथंच! वीसेक मिनिटांनी ती विरली आणि अर्धं डोकं ठणकायला लागलं.

आई म्हणाली, "मोबाईल कमी बघ." आजीनं मात्र लगेच ओळखलं. "अगं, अर्धशिशी हाय ही. मला बी आधी काजवे दिसायचे."

आजीचं बरोबर निघालं. डॉक्टरांनी नाव सांगितलं, ऑरा असलेलं मायग्रेन. हा त्रास बऱ्याचदा घराण्यात चालत येतो.

आता हे होतं कसं? कॅमेरा ठीक असतो, गडबड प्रोसेसिंगमध्ये असते. डोळ्यांनी टिपलेलं चित्र डोक्याच्या मागच्या भागात तयार होतं. तिथं पेशींच्या उत्तेजनाची एक लाट हळूहळू पसरते आणि तिच्या मागं पेशी काही काळ गप्प पडतात. लाटेची कड म्हणजे चमचमती रेघ, मागची शांतता म्हणजे न दिसणारा भाग. कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञानं स्वतःच्याच ऑराची चित्रं काढून 1941 साली या लाटेचा वेग मांडला: मिनिटाला साधारण 3 मिलिमीटर. 1944 मध्ये लेआओ यांनी सशांच्या मेंदूत अशी लाट प्रत्यक्ष नोंदवली.

या रेघेला इंग्रजीत तटबंदीवरून नाव पडलंय. ह्युबर्ट एअरी यांनी 1870 मध्ये तिची चित्रं छापली, ती बघताना मला आमच्या किल्ल्याचा नवबुरूजच आठवला!

पण गंमत इथंच संपते. एकदा तुळजापूर रस्त्यावर स्कूटी चालवताना ऑरा आला. 'थोडंच राहिलंय' म्हणून मी थांबले नाही. समोरून येणारा ट्रॅक्टर मला दिसलाच नाही. काळा डाग वगैरे नाही, रस्ता चक्क रिकामा वाटला, कारण न दिसणारी जागा मेंदू आजूबाजूच्या चित्रानं भरून काढतो. हॉर्न ऐकला म्हणून वाचले. आता रेघ दिसली की गाडी कडेला, मग कितीही उशीर होवो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. असं पहिल्यांदाच झालं, तासाभरापेक्षा जास्त टिकलं, किंवा अचानक हातपाय लुळे पडले, तोंड वाकडं झालं, तर घरी थांबू नका, थेट दवाखाना गाठा. तो पक्षाघात असू शकतो. आणि मैत्रिणींनो, गर्भनिरोधक गोळी घेण्याआधी ऑराबद्दल डॉक्टरांना सांगाच. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी अशा बायकांमध्ये पक्षाघाताचा धोका वाढतो.

आजी आयुष्यभर अंधाऱ्या खोलीत डोक्याला पदर बांधून पडायची. तिला कुणी विचारलंच नाही, "तुला काय दिसतंय?" तुमच्या घरी कुणी अशी असेल, तर आज विचारा.

भेटू पुढच्या भागात!