कॉलेजचे पहिले पंधरा दिवस



परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ तुम्हांला माहीत असेलच. १८ मे १९७२ रोजी ते स्थापन झाले. येथील कृषी महाविद्यालय तर विद्यापीठाहूनही जुने, १९५६ सालचे आहे. तुमच्यापैकी काहीजण उद्या येथे शिकायला जातील. काहीजण नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेल्या एखाद्या महाविद्यालयात जातील. तेथे गेल्यावर सुरुवातीलाच एक शब्द तुमच्या कानांवर पडेल : 'दीक्षारंभ'.

शब्द जड वाटतो, पण अर्थ सोपा आहे. दीक्षा म्हणजे नव्या शिक्षणात प्रवेश आणि आरंभ म्हणजे सुरुवात. उर्दूत आपण ज्याला 'आगाज' म्हणतो, तोच हा आरंभ. नव्या मुलामुलींना महाविद्यालयाची, तेथील माणसांची आणि नियमांची ओळख व्हावी म्हणून हा छोटा अभ्यासक्रम असतो.

अशा ओळखीची गरज काय, असे तुम्ही विचाराल. माझीच गोष्ट सांगतो. मी पदवीच्या पहिल्या वर्षाला गेलो तेव्हा आमच्याकडे असे काही नव्हते. वेळापत्रकात एके ठिकाणी 'बी-२' असे लिहिले होते. तो खोलीचा क्रमांक असावा असे समजून मी दोन दिवस ती खोली शोधत होतो. खरे तर ते प्रात्यक्षिकाच्या तुकडीचे नाव होते! विचारावे तर मराठी बोलताना चूक होईल, मुले हसतील, ही भीती. आठवड्याने मी घरी परतलो आणि अब्बांना म्हणालो, "हे शिक्षण माझ्यासाठी नाही." अब्बा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला परत एस.टी.त बसवून दिले. माझी बुद्धी कमी पडली नव्हती. एक साधी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती आणि मीही ती विचारली नव्हती, एवढेच.

अशी अडचण देशभर अनेकांना येते. म्हणून गांधीनगरच्या आय.आय.टी.ने २०११ साली नव्या विद्यार्थ्यांसाठी पाच आठवड्यांचा पायाभूत कार्यक्रम सुरू केला. पुढे २०१७ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी तीन आठवड्यांचा कार्यक्रम ठरवला. २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व विद्यापीठांसाठी मार्गदर्शिका काढली व तिला 'दीक्षारंभ' हे नाव दिले. कृषी शिक्षणात हा विषय थेट अभ्यासक्रमातच आला आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या सहाव्या अधिष्ठाता समितीने २०२४ मध्ये सुचवलेल्या नव्या अभ्यासक्रमात पहिले दोन आठवडे दीक्षारंभासाठी ठेवले आहेत. (अधिष्ठाता म्हणजे विद्याशाखेचे प्रमुख.)

या दिवसांत मुले ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि शेत पाहतात. खेळ, चर्चा, भाषणे, जवळच्या गावाला भेट असेही कार्यक्रम असतात. पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. तंत्रशिक्षण परिषदेच्या कार्यक्रमात साधारण वीस विद्यार्थ्यांचा एक गट करून तो एका शिक्षकाकडे सोपवावा असे सांगितले आहे. शेकडो मुलांच्या गर्दीत तुमचे नाव माहीत असलेला एक शिक्षक आणि एकोणीस सोबती मिळाले, की 'बी-२ म्हणजे काय?' असे विचारायला जीभ अडखळत नाही.

याच दिवसांत 'श्रेयांक' हा शब्दही समजून घ्यावा लागतो. कृषी पदवीत आठवड्याला एक तास व्याख्यान असे एक सत्रभर शिकलात, तर एक श्रेयांक मिळतो. प्रात्यक्षिकाचे मात्र दोन तास मिळून एक श्रेयांक होतो. आणखी एक गोष्ट पाहा. पाचव्या अधिष्ठाता समितीच्या अभ्यासक्रमात बारावीला गणित न घेतलेल्यांसाठी प्राथमिक गणित, तर जीवशास्त्र न घेतलेल्यांसाठी जीवशास्त्राची तोंडओळख असे विषय ठेवले होते. काही शिकायचे राहून गेले असेल तर ते भरून काढता येते, हे विद्यापीठालाही मान्य असते. मग आपण का लाजावे?

आता भाषेचे बोलू. आपला जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथील उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले आणि त्या काळात तेथे उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई. आज तुम्हांला पुस्तके इंग्रजीत आणि कार्यालयातील बोलणे मराठीत, अशी दुहेरी कसरत करावी लागेल. पण घाबरू नका. त्या कार्यालयातले कितीतरी शब्द तुमच्या घरचेच आहेत. अर्ज, दाखला, हजेरी, रजा हे शब्द तुम्हांला कोणी शिकवायला हवेत का? शेतीच्या वर्गात खरीप, रब्बी, जिरायत, बागायत हे शब्द येतील, तेव्हा तुमच्या शेजारच्या मुलाला त्यांचे मूळ तुम्हीच सांगू शकाल. वसतिगृह, कुलगुरू, सत्र, प्रात्यक्षिक असे थोडे शब्द मात्र आधीच पाठ करून जा.

पूर्वी 'ओळख करून घेणे' या नावाखाली जुनी मुले नव्या मुलांना छळत असत. त्याला रॅगिंग म्हणतात. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने हा गुन्हा ठरला. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कोणी त्रास दिला तर तो मुकाट्याने सोसू नये. १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य तक्रार करता येते. हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

या दोन आठवड्यांचे गुण पदवीच्या निकालात धरले जात नाहीत. म्हणून काही मुले हे दिवस गावीच घालवतात. ते योग्य नाही. पण काहींचा नाइलाजही असतो. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात आणि शेवटच्या फेरीत नाव लागलेली मुले पोहोचतात तेव्हा दीक्षारंभ संपलेला असतो. तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिल्याच दिवशी कार्यालयात जा आणि आपण कोणत्या गटात आहोत, आपले मार्गदर्शक शिक्षक कोण आणि ते केव्हा भेटतात, एवढे विचारून घ्या. मग त्या शिक्षकांपुढे वेळापत्रक ठेवून त्यातली न समजलेली प्रत्येक खूण त्यांना दाखवा.