मीटरवर पहिला नंबर, तरी बॉस का मरत नाही?

आजचा विषय आहे रेडमधला डीपीएस मीटर. तुमच्यातले बरेच जण मोबाइलवर बीजीएमआय खेळतात. मॅच संपली की प्रत्येकाचे किल्स आणि डॅमेज समोर येतात, आणि मग स्क्वॉडमध्ये कोणाला ऐकवायचं ते ठरतं. पीसीवरच्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्येही तेच होतं, पण तिथे हा हिशोब लढाई चालू असतानाच दिसतो.

आधी हे चालतं कसं ते बघू. गेम प्रत्येक फटका, हील आणि मृत्यू कॉम्बॅट लॉगमध्ये नोंदवतो. 'डीटेल्स'सारख्या अ‍ॅडऑनने या नोंदींची बेरीज करून यादी बघायची सवय लावली. तीच लॉग फाइल 'वॉरक्राफ्ट लॉग्ज'वर चढवली, की त्याच बॉसवर तुमच्याच स्पेकचे बाकीचे खेळाडू काय करतात, त्याच्याशी तुलना होते. करड्यापासून सोनेरीपर्यंत रंग मिळतो. जांभळा आला की माणूस स्क्रीनशॉट टाकतोच!

आता एक साधं गणित करू, आकडे सोयीसाठी धरलेत. बॉसची हेल्थ १० कोटी ८० लाख, वेळ ६ मिनिटं. २० जणांच्या रेडमध्ये डॅमेजवाले १५. म्हणजे प्रत्येकाने सेकंदाला २०,००० मारायला हवेत. आपला एक गडी ५ टक्के जास्त मारतोय, पण त्या हव्यासात आगीतून हलत नाही आणि दुसऱ्या मिनिटाला मरतो. त्या दोन मिनिटांत त्याने जादा कमावले १ लाख २० हजार. उरलेल्या चार मिनिटांत रेडने गमावले ४८ लाख! आणि तो मेला त्या क्षणी मीटरवर त्याचं नाव सगळ्यात वर होतं.

म्हणून वाइप झाल्यावर मी आधी डॅमेजची यादी उघडत नाही. आधी मृत्यू बघते: पहिला कोण मेला, कशाने मेला. मग इंटरप्ट्स: बॉसचा स्पेल थांबवायचं काम कोणी केलं. डॅमेज त्यानंतर. पोरं छोट्या शत्रूंच्या घोळक्यावर मारून आकडा फुगवतात, त्याला पॅडिंग म्हणतात. बॉसला त्याने काहीच होत नाही. उलटही घडतं. २०२३ मध्ये ऑगमेंटेशन इव्होकर आला. त्याचं मुख्य काम दुसऱ्यांचं डॅमेज वाढवणं. आता ते जादा डॅमेज कोणाच्या खात्यात लिहायचं? साध्या मीटरला तो गरीबच दिसतो.

फायनल फँटसी फोर्टीनमध्ये वेगळीच गंमत आहे. तिथे बाहेरची टूल्स नियमात बसत नाहीत. लोक ती वापरतात, पण चॅटमध्ये कोणाचा आकडा काढला तर कारवाई होऊ शकते. स्वतःला तपासायला गेममध्येच 'स्टोन, स्काय, सी' आहे. तिथे ठरलेल्या वेळात पुतळा फोडला, की त्या बॉसपुरतं तुमचं डॅमेज पुरेसं आहे असं समजायचं. तिथे दुसऱ्या कोणाचं नाव दिसत नाही.

मीटर टाकूनच द्या, असं मी म्हणत नाहीये. कोणीच मेलं नाही आणि तरी वेळ संपली, तर डॅमेज कमी पडतंय, आणि ते मीटरच सांगेल. पण कोणाशी बोलायचंच असेल, तर सगळ्यांसमोर यादी चिकटवू नका. खासगीत विचारा, "अरे, हा स्पेल तू पूर्ण लढाईत दोनदाच वापरलास, बटण लांब पडतंय का?" यावर तो काहीतरी बदलू शकतो. "तुझा डीपीएस बकवास आहे" यावर तो फक्त गिल्ड सोडू शकतो. मग पुढच्या आठवड्यात विसावा गडी शोधत बसायचं आपणच!

तुमच्या ग्रुपमध्ये वाइपनंतर पहिलं काय उघडतात? नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात.