छातीठोक कँटोनीज

हाँगकाँग, मकाव, ग्वांगझू इथल्या रोजच्या कँटोनीज बोलण्यात खात्री द्यायची म्हटली की फाशांपासून जेवणापर्यंत सगळं मदतीला येतं.

गंग हाय ला : 'अर्थातच!' 'येणार ना?' या प्रश्नाला मित्रांमध्ये मिळणारं सरळ उत्तर.

छो दिंग लप लुक : शब्दशः 'सहाचा ठिपका पक्का बसलाय'. फाशांच्या खेळात सहा हे सर्वांत मोठं दान; म्हणून सामना, परीक्षा किंवा नोकरी खिशात आल्यासारखी वाटली की हे म्हणतात.

सत सिक मोउ ची ङा : 'नक्की खाणार, दाताला चिकटणारही नाही'. हमखास यशाची, विनासायास जमणारी गोष्ट.

से बाऊ दान : 'हमीपत्र लिहून देणं'. नकारातही तितकंच चालतं: 'हमीपत्र लिहून द्यायची हिंमत नाही' म्हणजे बहुधा होईल, पण शब्द देत नाही.

यात सुरांचाही वाटा मोठा. १९९३ साली हाँगकाँगच्या भाषाशास्त्र संस्थेनं तयार केलेल्या 'ज्यूटपिंग' या रोमन लेखनपद्धतीत सहा सूर आकड्यांनी दाखवतात. वाक्याच्या शेवटी पहिल्या, उंच सुरातला 'लो' लावला की 'हे तर उघडच आहे' असा भाव येतो. तोच 'लो' तिसऱ्या, मध्यम सुरात आला की भाव बदलतो.