कुरुक्षेत्र आणि खाल्लेले अन्न

धर्म आणि अधर्म यांचे युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कुरुक्षेत्र उभे राहते. एका बाजूस पांडव म्हणजे धर्म, दुसऱ्या बाजूस कौरव म्हणजे अधर्म, आणि दोहोंच्या मध्ये श्रीकृष्णाने आणून उभा केलेला अर्जुनाचा रथ. कीर्तनातून आणि कॅलेंडरावरच्या चित्रांतून आम्हीही हेच पाहत मोठे झालो. आम्ही पंडित नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली आणि महाभारत वाचले ते वाचनालयातल्या मराठी भाषांतरावरून, पाळी संपल्यावर, खंडामागून खंड घरी नेऊन. संस्कृताचे अधिकारी वक्ते या व्यासपीठावरून बोलून गेले आहेत; त्यांच्या पंक्तीला बसण्याची आमची योग्यता नाही. परंतु तीस वर्षे कामगारांत वावरताना एक प्रश्न आम्हांला सतत पडत आला, आणि त्याचे उत्तर या ग्रंथात सापडले असे वाटते, म्हणून हे धाडस. प्रश्न असा की, अधर्माला एवढे बळ येते कोठून?

कौरवांचे बळ किती होते हे ग्रंथच मोजून सांगतो. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ. अशा ११ अक्षौहिणी दुर्योधनाकडे आणि ७ पांडवांकडे. आकडे कवीचे आहेत, शिरगणतीचे नव्हेत, हे उघड आहे. पण त्यांतले प्रमाण बोलके आहे. कवीच्या हिशेबी अधर्माची बाजू दीडपटीहूनही मोठी होती. ही सारी माणसे दुष्ट होती काय?

याचे उत्तर युद्ध सुरू होण्याच्या क्षणीच मिळते. गीतेचा अठरावा अध्याय संपला की बहुतेक वाचक पुस्तक मिटतात. भीष्मपर्व मात्र तेथे थांबत नाही. अर्जुन धनुष्य उचलतो, शंख वाजतात, आणि इतक्यात युधिष्ठिर कवच उतरवतो, शस्त्र खाली ठेवतो आणि रथातून उतरून पायी शत्रुसैन्याकडे चालू लागतो. भाऊ घाबरून मागे धावतात. कौरवांचे सैनिक हसतात की, धर्मराज भ्याला, शरण चालला. श्रीकृष्ण तेवढा ओळखून आहे. वडील माणसांची अनुज्ञा घेतल्याशिवाय हा लढणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने शेकडो हस्तलिखिते ताडून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी केली, तिच्यातही हा प्रसंग कायम आहे. तेव्हा तो कोणा कीर्तनकाराने मागाहून जोडलेला नव्हे.

युधिष्ठिर प्रथम भीष्मांचे पाय धरतो. भीष्म प्रसन्न होतात, 'जय तुझाच होवो' अशा अर्थाचा आशीर्वाद देतात, आणि मग म्हणतात की, माणूस धनाचा दास आहे. कौरवांच्या धनाने मी बांधला गेलो आहे, म्हणून तुझ्याशी मी असे नामर्दासारखे बोलतो आहे. तुझ्या बाजूने लढणे सोडून दुसरे काय हवे ते माग. हा शब्द भीष्मांनी स्वतःलाच लावलेला आहे. युधिष्ठिर पुढे द्रोणांकडे जातो. तेही तेच सांगतात. कृपाचार्यही तेच, शल्यही तेच. चार माणसे, चौघांचे मन पांडवांकडे, आणि चौघांचे धनुष्य दुर्योधनाकडे.

आता हिशेब करून पाहा. युद्ध १८ दिवस चालले. पहिले १० दिवस कौरवांचे सेनापती भीष्म, पुढचे ५ दिवस द्रोण, नंतरचे २ दिवस कर्ण आणि अखेरच्या दिवशी शल्य. कर्णाचे दोन दिवस वगळले तर अधर्माच्या सेनेचे नेतृत्व ज्यांनी केले त्या सर्वांनी, विजय पांडवांचा व्हावा असे पहिल्याच सकाळी तोंडाने सांगितले होते. दुर्योधन एकटा पडता तर हे युद्ध अठरा दिवस चालले नसते.

यांना बांधले कशाने? द्रोणांची कथा आदिपर्वात आहे. श्रीमंतांची मुले दूध पिताना पाहून लहानगा अश्वत्थामा रडू लागला. द्रोणांनी गावोगाव फिरून एक गाय मिळते का पाहिले, मिळाली नाही. सोबत्यांनी पाण्यात पीठ कालवून त्या पोराला दिले आणि ते दूध समजून पिऊन तो आनंदाने नाचू लागला. बालमित्र द्रुपद राजा झालेला, म्हणून द्रोण त्याच्या दारी गेले, तर दरिद्री माणसाची राजाशी मैत्री कसली, असे ऐकून परतले. मग हस्तिनापुरात नोकरी मिळाली, घर मिळाले, मान मिळाला. शल्याची गोष्ट निराळी. तो नकुल-सहदेवांचा सख्खा मामा, सैन्य घेऊन पांडवांकडेच निघालेला. वाटेत ठिकठिकाणी मंडप, उत्तम खाणेपिणे. ही व्यवस्था युधिष्ठिराची समजून त्याने खूष होऊन बक्षीस देऊ केले. तो समोर दुर्योधन उभा! शब्द गेला, आणि शब्दामागून सैन्यही गेले. एकाला पोराच्या भुकेने बांधले, दुसऱ्याला पाहुणचाराने.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्यात कंत्राटी कामगारांचे दोन हजेरीपट ठेवलेले होते, एक खरा आणि एक तपासनिसाला दाखवायचा. ते लिहिणारा कारकून एका रात्री आमच्या घरी आला आणि सगळे खरे खरे बोलला. शेवटी म्हणाला, "दादा, हे मी कोर्टात नाही सांगू शकणार. खोली कंपनीची आहे, दोन मुली शाळेत आहेत." पुढे कामगार न्यायालयात त्याने मालकाच्या बाजूने साक्ष दिली. आमचे ४० माणसांचे प्रकरण फेटाळले गेले. दुसऱ्या दिवशी गेट मीटिंगमध्ये आम्ही त्याचे नाव घेऊन जे बोललो ते येथे लिहिण्यासारखे नाही. त्याच्याशी बोलणे बंद करा, असेही सांगितले. लोकांनी ते पाळले. वर्षभराने त्याची आई वारली तेव्हा तिरडी उचलायला माणसे कमी पडली. आम्हीही गेलो नाही.

भीष्मपर्वातला हा प्रसंग आम्ही त्यानंतर वाचला. तो कारकून दुर्योधन नव्हता एवढे आम्हांला तेव्हाही कळत होते. कळले नव्हते ते युधिष्ठिराचे वागणे.

याचा अर्थ भीष्म-द्रोणांना क्षमा आहे असा कोणी घेऊ नये. ग्रंथाने ती दिलेली नाही. भर सभेत द्रौपदीने प्रश्न विचारला, तेव्हा धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून भीष्मांनी उत्तर टाळले. तेथे उठून स्पष्ट बोलला तो दुर्योधनाचाच भाऊ विकर्ण. पण पुढे तोही भावांच्या रांगेतच उभा राहिला आणि भीमाच्या हातून मेला. त्याला मारून भीम हळहळला, पण मारले मात्र खरे. कीर्तनकार एक कथा सांगतात की, शरशय्येवर भीष्म धर्म सांगू लागले तेव्हा द्रौपदी हसली. भीष्म म्हणाले, त्या वेळी दुर्योधनाचे अन्न माझ्या रक्तात होते, आता बाणांनी ते वाहून गेले. कथा मोठी सुंदर आहे. परंतु अन्नावर सगळा दोष ढकलला की माणसाकडे काहीच उरत नाही, म्हणून आम्हांला भीष्मपर्वातले ते एक कठोर विशेषण अधिक खरे वाटते.

पण त्या प्रसंगाचा शेवट अजून व्हायचा आहे. चौघांचा निरोप घेऊन परतताना युधिष्ठिर दोन्ही सैन्यांच्या मध्ये थांबतो आणि मोठ्याने सांगतो की, ज्याला आमच्या बाजूला यायचे असेल त्याने यावे, आम्ही त्याला आपला म्हणू. अकरा अक्षौहिणींतून एक माणूस पुढे येतो. तो धृतराष्ट्राचाच, वैश्य स्त्रीपासून झालेला मुलगा युयुत्सु. पांडव त्याला जवळ घेतात. धृतराष्ट्राच्या पुत्रांपैकी तो एकटा जगला, आणि पांडव महाप्रस्थानाला निघाले तेव्हा परीक्षिताला गादीवर बसवून राज्याची देखरेख त्यांनी या युयुत्सूवरच सोपवली.

अकरा अक्षौहिणींतून एकच आला, म्हणून कोणी हसेल. आम्ही हसत नाही, कारण आम्ही तर हाकच मारली नव्हती. उलट, येऊ पाहणाऱ्याचे दार बाहेरून लावून घेतले होते. रात्री चालत घरापर्यंत आलेला माणूस अर्धी वाट आलेलाच होता. उरलेल्या अर्ध्या वाटेवर त्याची खोली होती, मुलींची फी होती, आणि त्यांची सोय आमच्यापाशी काहीच नव्हती. द्रोणांना वेळेवर एक गाय कोणी दिली असती तर ते हस्तिनापुरास गेले असते की नाही, हे सांगता येत नाही. पण ती कोणी दिली नाही, हे महाभारताने नोंदवून ठेवले आहे.

आमच्या संघटनेत आता वर्गणीतून एक वेगळी रक्कम बाजूला पडते. खरी साक्ष दिल्यामुळे ज्याची नोकरी जाईल त्याला सहा महिने अर्धा पगार आणि राहण्याची सोय. रक्कम लहान आहे आणि तिच्यावरून दरवर्षी सभेत वाद होतो; संपाच्या वेळी आपल्यालाच पुरत नाही, तर दुसऱ्यांच्या माणसांना कशाला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आजवर दोनच माणसांनी ती घेतली. तो कारकून त्यांत नाही. तो निवृत्त होऊन गावी गेला. त्याच्या मुली शिकल्या, असे आम्ही दुसऱ्यांच्या तोंडून ऐकले.