अक्कलदाढ काढली, आता घरी काय?

खारदांड्याच्या वस्त्यांमध्ये आरोग्याचे बोलायला बसलो की दाढेचा विषय निघतोच. "काढताना काही कळलंच नाही ताई, पण तिसऱ्या दिवशी जीव नकोसा झाला," हे आम्ही कितीतरी भगिनींच्या तोंडून ऐकले आहे. म्हणून या वेळी लिहितो आहोत ते दाढ काढून घरी आल्यानंतरच्या दिवसांबद्दल.

अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते. जबड्यात जागा नसेल तर ती आडवी अडकते. मग हिरडी सुजते, तोंड उघडत नाही. अशी दाढ काढताना हिरडी कापावी लागते, कधी हाडही थोडे कोरावे लागते, वर टाके घालतात. म्हणजे ही शस्त्रक्रियाच आहे. पण घरातली माणसे "दातच तर काढलाय" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिलाच नळावर हंडे भरायला पाठवतात. खाली वाकल्याने, ओझे उचलल्याने रक्त पुन्हा सुरू होऊ शकते. दोन-तीन दिवस पाणी नवऱ्याने भरावे, मोठ्या मुलाने भरावे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. ही गुठळी जखमेचे झाकण असते. तिच्याखाली हाड आणि शिरा झाकलेल्या राहतात आणि नवे मांस भरत जाते. गुठळी निघाली की हाड उघडे पडते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारा ठणका सुरू होतो, तोंडाला घाण वास येतो. डॉक्टर याला 'ड्राय सॉकेट' म्हणतात. खालच्या अक्कलदाढेला हे जास्त होते.

गुठळी निघते कशाने, तर आपल्या रोजच्या सवयींनी. थुंकणे, खळखळून चूळ भरणे, बशीतला चहा भुरके मारत पिणे, शहाळ्यात नळी घालून ओढणे, या सगळ्याने ती सुटते. पहिले २४ तास चूळ भरायची नाही. लाळ थुंकू नका, गिळा. ती गुलाबी दिसली तरी घाबरू नका, थोडे रक्त मिसळले की तेवढी दिसतेच. शहाळे पेल्यात ओतून प्या, चहा कोमट करून प्या.

दवाखान्यात दिलेला कापसाचा बोळा पाऊण ते एक तास घट्ट दाबून धरा. घरी पुन्हा रक्त आले तर स्वच्छ गॉज घडी करून जखमेवर ठेवा आणि घड्याळ लावून अर्धा तास दाबा. दर दोन मिनिटांनी काढून आरशात बघितले की रक्त थांबत नाही. खड्ड्यात हळद, राख, लवंगेचे तेल काहीही भरू नका.

मिश्री, तंबाखू, गुटखा, विडी यांच्याबद्दल आम्ही एरवीही बोलतो आणि तुम्ही हसून सोडून देता. या वेळी मात्र ऐकाच. तंबाखूने जखमेचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि मिश्री घासताना बोट थेट जखमेवर जाते. निदान आठवडाभर डबी शेजारणीकडे ठेवायला द्या. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या भगिनींमध्येही ड्राय सॉकेटचे प्रमाण थोडे जास्त आढळते. गोळी मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना आधीच सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचेही तसेच.

आता सुजेबद्दल. घरकाम करणाऱ्या अनेक जणी शनिवारी दाढ काढतात, रविवारी आराम, सोमवारी कामावर. हिशेब सरळ वाटतो, पण सूज सगळ्यात जास्त असते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, म्हणजे नेमकी सोमवारी. तीन-चार दिवसांची सुट्टी आधीच मागा आणि दवाखान्यातून तसा कागद लिहून घ्या. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ शेकवा: दहा-पंधरा मिनिटे ठेवा, तेवढाच वेळ काढा. मासळीचा बर्फ पिशवीत घालून फडक्यात गुंडाळला तर गालाला चालेल, तोंडात मुळीच घालू नका. दोन दिवसांनंतर कोमट कपड्याचा शेक. झोपताना डोक्याखाली दोन उशा, नाहीतर गोधडीची घडी.

दुखण्याची गोळी बधिरपणा उतरण्याआधी घ्या, ठणका लागण्याची वाट पाहू नका. गोळी डॉक्टरांनी लिहिलेलीच असावी. मेडिकलवाल्याने दिलेली पुडी नको. पोटात अल्सर, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर काही वेदनाशामके चालत नाहीत, ते आधी सांगावे लागते. उपाशी पोटी गोळी नको, त्यामुळे त्या आठवड्यात पौर्णिमा आली तर उपोसथ पुढच्या पौर्णिमेला धरा. मधुमेह असणाऱ्यांनी तर जेवण चुकवूच नये.

खायला भाताची पेज, गार केलेली नाचणीची आंबील, मऊ वरणभात, उकडलेले अंडे कुस्करून. मासा चालेल, काटा काढलेला आणि तिखटाशिवाय. सुकट-जवळा मात्र पंधरा दिवस नको, बारीक तुकडे खड्ड्यात जाऊन बसतात. दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर कोमट मिठाचे पाणी तोंडात धरायचे आणि मान वाकवून आपोआप पडू द्यायचे. बाकीचे दात मऊ ब्रशने घासत राहा.

रोज थोडे थोडे बरे वाटायला हवे. बरे वाटत असताना तिसऱ्या दिवशी दुखणे वाढले तर अँटिबायोटिक विकत घेऊन खात बसू नका. दंतवैद्य खड्डा धुऊन औषधाची पट्टी ठेवतात, बहुतेकांना त्याच दिवशी उतार पडतो. ओठ किंवा जीभ दुसऱ्या दिवशीही बधिर राहिली तर तेही दाखवा. आणि दाबूनही रक्त थांबेना, ताप चढला, सूज गळ्याकडे उतरली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा, १०८ ला फोन करा.

खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर दोन जागा लक्षात ठेवा. खाररोडहून हार्बरची लोकल थेट सीएसएमटीला जाते, तिथे सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला, १९३३ पासूनचे. केसपेपर जपून ठेवा. टाके विरघळणारे आहेत की काढायचे, ते निघण्यापूर्वीच विचारा. काढायचे असतील तर साधारण सातव्या दिवशी पुन्हा जावे लागते. त्या दिवसाची सुट्टीही मालकिणीला आधीच सांगून ठेवा.